न फुगलेल्या पुऱ्या

पुदिना आणायला पाठवलेला जावई शेपूची जुडी घेऊन आला, तेव्हाच ऑपरेटरबाईंनी ओळखलं की आज या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही.

"अहो, हा शेपू आहे," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्याने जुडी नाकाशी धरली, हुंगली, मग कपाळावर चढवलेला चष्मा खाली ओढून नीट पाहिली. "वाटलंच मला," तो पुटपुटला. "दोनदा विचारलं त्या भाजीवाल्याला."

"काय विचारलंत?"

"ताजा आहे का, असं."

ऑपरेटरबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस, खाली चष्म्याच्या दुकानात बसला की भल्याभल्यांचे डोळे तपासतो आणि वर घरात आला की समोरची कढई त्याला दिसत नाही. आज तर काय, पाहायलाच नको. शर्टाला इस्त्री दोनदा झाली होती. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं.

"पुन्हा जा," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी काही विचारू नका, पानं चुरडून वास घ्या."

तो निमूट गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि बैठकीच्या खोलीतून लगेच नातीचा आवाज आला, "बाबांना साधा पुदिना ओळखता येत नाही आणि लग्न करायला निघालेत."

घरात तिला सगळे वकील म्हणत. पंधरा वर्षांची पोर, पण बोलायला लागली की समोरच्याने आपला गुन्हा आधीच कबूल करावा अशी जीभ. बापाने चाचरत चाचरत तिच्यासमोर विषय काढला, त्या दिवशी ती रडली नाही की ओरडली नाही. पाय पोटाशी घेऊन बराच वेळ बसली आणि मग तिने अट घातली. "त्यांना घरी बोलवा. आणि पाणीपुरी करायला सांगा. सगळी घरी. पुऱ्यांसकट. आई करायची तशी."

बाप म्हणाला, "अगं, ही काय परीक्षा आहे का?"

"हो," वकील म्हणाली.

त्या बाईंकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला. मला येत नाही, पण शिकून येते.

ऑपरेटरबाईंनी तेव्हा काहीच मत दिलं नव्हतं. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती त्यांची. कानाला हेडफोन लावून दोन माणसांची गाठ घालून द्यायची आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हेच काम. लेक आजारी पडली तेव्हा एक बॅग घेऊन त्या इथे आल्या होत्या, चार दिवसांसाठी म्हणून. लेक गेली. बॅग माळ्यावर गेली. नात तेव्हा झोपताना त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. मूठ सोडवून कुठे जाणार होत्या? आता मूठ सुटली होती, पोर खांद्याइतकी झाली होती, आणि जावयाच्या आयुष्यात ड्रायव्हिंग शिकवणारी एक बाई आली होती. मोडलेली फ्रेम घेऊन ती दुकानात आली काय, आणि मग हा रोज सकाळी गाडी शिकायला जाऊ लागला काय. महिने झाले, गाडी चालवायला अजून येत नव्हती.

"आई, तुझं सामान किती होईल?"

दारात मुलगा उभा होता. तो आणि सून सकाळीच आले होते, त्यांच्या मोठ्या गाडीतून. कंत्राटदार माणूस, दुसऱ्यांची घरं बांधता बांधता कुठल्याही खोलीत शिरला की आधी भिंतीवर टकटक करून बघायचा. आताही त्याची बोटं चौकटीवर वाजत होती.

"कसलं सामान?"

"असं काय करतेस? सांगितलं ना फोनवर. तुझी खोली तयार आहे. वेगळं बाथरूम, बाल्कनी, सगळं केलंय. उद्या सकाळी निघू." त्याने आवाज खाली आणला. "नवीन माणूस येणार घरात. तू या घरात कोण मग? तिची सासू नाहीस, आई नाहीस. तिने तुला काय म्हणून हाक मारायची?"

मुलाचं बोलणं त्यांना लागलं. लागलं कारण गेले कित्येक दिवस त्या स्वतःला तेच विचारत होत्या.

"आधी ती येऊ तर दे," त्या म्हणाल्या आणि वाटाण्याचा कुकर चढवला.

*

ती आली. उंच, मानेपर्यंत कापलेले केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. हातात पिशवी, पिशवीत रवा, थोडा मैदा, चिंच, खजूर. स्वतःचं लाटणंसुद्धा.

"नमस्कार काकू," ती ऑपरेटरबाईंना म्हणाली. आवाज जरासा घोगरा, पण सरळ. भीती होती आवाजात, लाडीगोडी नव्हती. आवाजावरून माणूस ओळखण्याची सवय जात नाही. ऑपरेटरबाईंनी मनातल्या मनात तिला एक गुण दिला आणि लगेच स्वतःवरच रागावल्या. गुण कसले देतेस? ही तुझ्या ठकीच्या ओट्याशी उभी राहणार आहे.

ठकी त्यांची लेक. लाकडी बाहुलीसारखी गोल गरगरीत जन्मली म्हणून ठकी, आणि पुढे सडसडीत झाली तरी ठकीच राहिली.

"परात कुठे असते?" ड्रायव्हिंगवाल्या बाईंनी विचारलं.

"तुम्हीच शोधा," वकील म्हणाली. ती स्टूल ओढून ओट्याच्या टोकाला बसली होती, हाताची घडी घालून. "आईला सगळं माहीत असायचं."

"घर तिचं होतं, तिला माहीत असणारच," बाई शांतपणे म्हणाल्या आणि एकेक कपाट उघडू लागल्या. तिसऱ्यात परात सापडली.

रवा-मैदा मिसळून त्या पीठ घट्ट मळू लागल्या. खांद्यातून जोर लावत. मळताना उजवा पाय मध्येच जमिनीवर दाबला जात होता. वकिलाने ते बरोबर टिपलं. "तुम्ही पाय का आपटताय?"

"ब्रेक," बाई ओशाळून हसल्या. "शिकवण्याच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. इतक्या वर्षांची सवय. भीती वाटली की पाय जातोच."

"इथे कसली भीती?"

"तुझी."

हे उत्तर वकिलाच्या यादीत नसावं.

पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकून बाईंनी तो खिडकीजवळ ठेवला. "अर्धा तास मुरू द्यायचा. फडकं सुकता कामा नये, असं शिकवलंय मला." तेवढ्यात बाहेरून कंत्राटदाराची हाक आली, जरा इकडे या, दोन शब्द बोलायचेत. बाईंनी हात धुतले, पदर नव्हता म्हणून कुर्त्यालाच पुसले आणि बाहेर गेल्या.

ऑपरेटरबाई मागच्या गॅलरीत पुदिना निवडायला बसल्या होत्या. खरा पुदिना, या खेपेला. गॅलरीच्या खिडकीतून ओटा सरळ दिसत होता. त्यांनी पाहिलं, की वकील स्टुलावरून उतरली. बाहेरच्या खोलीकडे कान दिला. मग पिठावरचं फडकं उचललं, बाजूला ठेवलं आणि पंख्याचं बटण पाचवर नेलं.

ऑपरेटरबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली.

आत जावं आणि फडकं परत घालावं, एवढंच करायचं होतं. दोन पावलांचं काम. पण त्या उठल्या नाहीत. का उठल्या नाहीत, हे त्यांनाही धड कळलं नाही. असं वाटलं, की पोरीने जे केलं ते त्यांच्याच मनातून निघून तिच्या हातात गेलं. नाही फुगल्या पुऱ्या तर नाही. ठकीची जागा कुणी इतक्या सहज घ्यावी का?

"आई, मी निवडू का?" सून शेजारी येऊन बसली. सून शिंपीण, नावाजलेली, चार मुली हाताखाली. पण नवऱ्यापुढे फार बोलायची नाही. आज मात्र ती बोलायला आल्यासारखी दिसत होती.

"बोल," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"खोली छान झालीये, हे खरंय. तुम्ही आलात तर मला आवडेल, हेही खरंय." तिने एक पिवळं पान खुडून टाकलं. "पण यांना तुम्ही हव्यात म्हणून हे न्यायला आलेत, असं समजू नका. यांच्या मित्राने परवा विचारलं, लेक गेल्यावरही तुझी आई जावयाच्या घरी राहते, आणि आता तर तो दुसरं करतोय म्हणे? ते यांच्या डोक्यात बसलंय. तुम्हाला यायचं असेल तर या. लाजेपायी कुणी आणलं म्हणून येऊ नका."

ऑपरेटरबाईंनी सुनेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ही पोर त्यांच्या बाजूने अशी उभी राहिलेली त्यांनी पाहिली नव्हती. की आपणच कधी पाहिलं नाही?

आतून कंत्राटदाराचा आवाज चढत होता. "...तसं नाही, पण स्पष्ट झालेलं बरं. आईची काळजी घ्यायला आम्ही आहोत. तुम्हाला संसार मोकळा मिळेल."

"मी मोकळा मागितलेला नाही," बाईंचा घोगरा आवाज आला.

"मागितला नसेल, पण प्रत्येक बाईला..."

"दादा," हा चष्मेवाल्याचा आवाज, अगदी बारीक, पण आला. "आईंना न्यायचं की नाही, हे आईंना विचारा ना. आपण दोघं काय फर्निचर वाटून घेतोय का?"

गॅलरीत सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. त्या घरात चष्मेवाल्याने मेव्हण्याला उलट बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"बोलले की!" सून कुजबुजली.

*

बाई आत परत आल्या तेव्हा फडकं जागेवर होतं आणि पंखा दोनवर. वकील स्टुलावर, चेहरा पाटी पुसल्यासारखा.

गोळा उचलताच बाईंच्या कपाळाला आठी पडली. वर पापुद्रा आला होता. त्यांनी पुन्हा मळला, पाण्याचा हात लावला, पण कडा तडकत होत्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापल्या आणि तेल तापलं का ते पाहायला पिठाचा कण टाकला. तोवर सगळेच स्वयंपाकघरात जमले. तेवढ्याशा जागेत सहा माणसं. कंत्राटदार दाराला टेकून, चष्मेवाला फ्रिजला चिकटून, सून गॅलरीच्या उंबऱ्यावर.

पहिली पुरी तेलात गेली. बाईंनी झाऱ्याने अलगद दाबली. पुरी तळाशी गेली, वर आली आणि सपाट तरंगत राहिली.

"तेल कमी तापलं असेल," चष्मेवाला म्हणाला.

दुसरी टाकली. एका बाजूला फोडासारखी उचलली आणि बसली. तिसरी, चौथी. घाणेच्या घाणे सपाट. खरपूस, सोनेरी, कुरकुरीत आणि पाटासारख्या सपाट. एकीतही पाण्याचा थेंब राहण्यासारखा नव्हता. बाईंच्या वरच्या ओठावर घाम आला होता. उजवा पाय पुन्हा पुन्हा फरशीवर दाबला जात होता आणि कढई काही थांबत नव्हती.

शेवटी त्यांनी गॅस बंद केला. ताटलीकडे पाहिलं. मग वळून सरळ वकिलाकडे.

"नाही जमलं," त्या म्हणाल्या. "आठवडाभर माझ्या शेजारणीकडे रोज केल्या, तिथे जमल्या. आज नाही जमल्या. का, ते मला कळत नाही."

कंत्राटदाराचं बोट चौकटीवर वाजायचं थांबलं.

"माझ्या आईची," वकील म्हणाली, आणि तिचा आवाज ठरवल्यापेक्षा बारीक निघाला, "एकसुद्धा पुरी कधी बसली नाही. एकसुद्धा. दर रविवारी डबा भरून. सगळ्या टम्म."

"खरंय," चष्मेवाला खाली बघत म्हणाला. "हात होता तिचा."

बाईंनी मान हलवली. आपलं लाटणं पुसून त्या पिशवीत ठेवू लागल्या. रागाने नाही, हरलेला माणूस सामान आवरतो तसं, नीट. ऑपरेटरबाईंनी ते पाहिलं. एवढी धडधाकट बाई, शिकून आली, घाबरत घाबरत आली, आणि जिच्याशी तिची तुलना चालली होती ती बाई मुळात नव्हतीच. म्हणजे होती, पण अशी नव्हती. ठकीचा फोटो भिंतीवर लागल्यापासून या घरात तिच्या हातून कधी दूध उतू गेलं नव्हतं, तिने कधी चिडचिड केली नव्हती, कधी खोटं बोलली नव्हती. जिवंतपणी ज्या पोरीने आईला जीव नकोसा केला होता, ती मेल्यावर चौकटीत जाऊन बसली होती, आणि आपणच रोज त्या चौकटीची काच पुसत होतो.

"ठकीला पुऱ्या येत नव्हत्या," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

आधी कुणाला कळलंच नाही.

"काय?" वकील म्हणाली.

"पाणीपुरीच्या पुऱ्या. तिला येत नव्हत्या. कधीच आल्या नाहीत."

"आजी, काहीही काय! मी स्वतः खाल्ल्यात. दर रविवारी..."

"दर रविवारी तुम्हा दोघांना ती खाली दुकानात पाठवायची की नाही? पायात लुडबुडता म्हणायची. म्हणायची की नाही?"

वकिलाने बापाकडे पाहिलं. बापाने सावकाश मान डोलावली.

"तुम्ही खाली गेलात की ही मागच्या जिन्याने कोपऱ्यावरच्या चाटवाल्याकडे. तिथून पुऱ्यांचं पाकीट. ते डब्यात ओतायचं, पाकीट कचऱ्यात अगदी तळाशी दाबायचं, वर कांद्याची सालं. मग कढईत तेल तापवायचं, घरभर वास सुटला पाहिजे म्हणून. आणि शेवटी," त्यांनी बोट स्वतःच्या गालाला लावलं, "इथे थोडं पीठ."

"गालाला पीठ," चष्मेवाला हळूच म्हणाला. त्याने चष्मा काढला. "मी पुसायचो ते. दर रविवारी मी... म्हणजे मलाही फसवलं?"

"तुम्हाला फसवायला काय लागतं?" सून पटकन बोलून गेली आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

चष्मेवाला हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि तो तसाच हसत राहिला. "दुकानात बसून लोकांना सांगतो, तुम्हाला जवळचं दिसत नाही म्हणून."

वकील हसली नाही. ती ताठ उभी होती. "का? का पण? मला सांगायचं ना."

"सांगणार कशी?" ऑपरेटरबाईंनी तिचा हात धरला, पोरीने सोडवून घेतला नाही. "तू एवढीशी होतीस. हट्ट धरलास, पाणीपुरी हवी. तिने पहिल्यांदा केल्या, त्या अशाच, याहून वाईट. दगड. तू भोकाड पसरलंस. ती धावत कोपऱ्यावर गेली, पुऱ्या घेऊन आली. तू एक खाल्लीस आणि म्हणालीस, आई, तू जगात भारी आहेस. तिने मला रात्री फोन केला होता. म्हणाली, आई, आता कुठल्या तोंडाने खरं सांगू? पोर असं बघत होती माझ्याकडे! मी म्हटलं, नको सांगूस. मग पुढच्या रविवारी पुन्हा, आणि पुन्हा. पाणी मात्र तिचं स्वतःचं हं. पाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं."

वकिलाने ताटलीतली एक सपाट पुरी उचलली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"नावच ठकी," कंत्राटदार म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. तो दारातून आत आला. "लहानपणी माझ्या डब्यातला खाऊ खाऊन तिने त्यात लाकडाचा भुसा भरून ठेवला होता. मी अर्धा खाल्ला, मग कळलं."

तेव्हा वकिलाच्या तोंडून हसू फुटलं. हसू होतं की हुंदका, नक्की सांगता आलं नसतं. तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि ड्रायव्हिंगवालीसमोर जाऊन उभी राहिली.

"फडकं मी काढलं होतं," ती म्हणाली.

"कुठलं फडकं?"

"पिठावरचं. आणि पंखा पाचवर केला. तुम्ही बाहेर होतात तेव्हा. म्हणून नाही फुगल्या." ती मान वर करून उभी होती, शिक्षा ऐकायला.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग एक लांब श्वास सोडला. "देवा! मला वाटलं, माझं डोकंच फिरलं. आठवडाभर शेजारीण म्हणत होती, तुझ्या हाताला वळण लागलंय, आणि आज एकदम..."

"रागावला नाहीत?"

"रागावलेय. पण आधी जीव भांड्यात पडला, राग मागून येईल." पिशवीतलं लाटणं त्यांनी पुन्हा बाहेर काढलं आणि तिच्यासमोर धरलं. "रवा उरलाय. मळायचं तुझ्याकडे. फडकं झाकणारीही तूच."

ऑपरेटरबाईंच्या जिभेवर आलं होतं, की मीही पाहिलं होतं आणि गप्प बसले. पण वकिलाने त्यांच्याकडे असा एक कटाक्ष टाकला की त्यांना कळलं, पोरीला खिडकीमागची आजी दिसली होती. दिसली होती, आणि तिने नाव घेतलं नव्हतं.

"मीही होते त्यात," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मला दिसत होतं. मी उठले नाही."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं घर आहे," त्या म्हणाल्या. "इथे ब्रेक दोन लागणार."

*

पीठ मुरेपर्यंत सगळे कामाला लागले. सुनेने सपाट पुऱ्यांचा ढीग पुढे ओढला. "ह्या कशाला वाया घालवायच्या? शेवपुरीला याच लागतात." तिने त्यांवर बटाटा, कांदा, चटण्या मांडायला घेतल्या, कापडावर टिकल्या लावाव्यात तशा ओळीने. कंत्राटदाराला सोऱ्या दिला. बेसनाची शेव पाडताना त्याने सोऱ्या इतक्या जोरात फिरवला की निम्मी शेव कढईत आणि निम्मी ओट्यावर. चष्मेवाल्याने मिरच्या चिरल्या आणि तोच हात डोळ्याला लावला. मग तो बेसिनशी वाकला आणि ड्रायव्हिंगवाली त्याच्या डोळ्यावर पाणी मारत बसली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

पाणी ऑपरेटरबाईंनी केलं, ठकीच्या प्रमाणाने. पुदिना-कोथिंबीर-मिरची-आलं वाटलं, काळं मीठ, जिरेपूड, चिंचेचा कोळ. वकिलाने चमचाभर चाखलं आणि डोळे मिटले. "हेच," ती म्हणाली. मग चमचा बाईंकडे केला. "हे बघा. हे खरं आईचं आहे."

बाईंनी चाखलं, आणि ठसका लागून खोकतच सुटल्या. "बाई गं! तिखटाने जीव घेते की!"

"घेते," वकील अभिमानाने म्हणाली.

दुसऱ्या पिठाच्या पुऱ्या निम्म्याशिम्म्या फुगल्या. पहिली टम्म झाली तेव्हा कंत्राटदार असा ओरडला की खालच्या दुकानाशेजारचा न्हावी वर काय झालं ते विचारायला आला. त्यालाही पाणीपुरी खाऊ घालूनच पाठवलं.

खाणं उरकल्यावर मुलाने पुन्हा विषय काढला, पण या वेळी शेजारी बसून. "आई, उद्याचं काय?"

ऑपरेटरबाईंनी पाहिलं, की जावई पाण्याचं भांडं हातात धरून नुसताच उभा आहे, आणि ती बाई ओटा पुसायची थांबली आहे.

"काकू," बाई मागे न वळता म्हणाल्या, "मी तुम्हाला राहा म्हणणारी कोण? पण जाणार असाल तर माझ्यामुळे जाऊ नका. मला काकू म्हणायला आवडेल, त्याहून मोठं नातं मला सुचत नाहीये."

"काकू चालेल," ऑपरेटरबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तुझ्या खोलीत येईन मी. महिनाभर येईन, बाल्कनीत बसेन, सुनेच्या हातचं खाईन. पाहुणी म्हणून. मग परत इथे. तुझा तो मित्र विचारेल तेव्हा सांग, आईने स्वतः ठरवलंय, तिचा नंबर देतो, तिलाच विचार."

सुनेने हसू लपवायला मान खाली घातली. मुलगा ताटलीत उरलेली शेव बोटाने टिपत म्हणाला, "महिना म्हणजे पुरा महिना हं. आठ दिवसांत पळून यायचं नाही."

बाहेर ऊन उतरलं होतं. ड्रायव्हिंगवालीने बाह्या खाली केल्या, पिशवी खांद्याला लावली. "निघते मी. तुम्ही घरची माणसं बसा आता."

वकील जमिनीवर बसली होती, पाठ कपाटाला टेकून. "आजी," ती म्हणाली, "अजून काय काय फसवायची आई?"

"अगं, एक का दोन!"

"सगळं सांग. लहानपणापासून." मग तिने दाराकडे पाहिलं. चप्पल पायात सरकवणाऱ्या त्या उंच बाईकडे. "तुम्ही कुठे चाललात? बसा ना. तुम्हाला ती माहीतच नाहीये. इथे राहणार असाल तर माहीत असायला नको का?"

बाईंनी चप्पल काढली. जागा कुठे नव्हती, तेव्हा वकील जराशी सरकली, आणि बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

ऑपरेटरबाईंनी घसा साफ केला. ठकीबद्दल खरं असं त्या कितीतरी दिवसांत बोलल्या नव्हत्या. कुठून सुरुवात करावी तेच सुचेना, एवढं साठलं होतं.

"तर शाळेच्या पहिल्याच दिवशी," त्या म्हणाल्या, "ठकीने वर्गाच्या बाईंना सांगितलं, माझी आई टेलिफोनच्या आत राहते..."